वामकुक्षीचं अंतर

दुपारचे पावणेदोन वाजलेत. मॅजिक किंगडमच्या दारातून आम्ही नऊ जण बाहेर पडतोय, आणि आत शिरणारे लोक आमच्याकडे पंगतीतून वरणभातावरच उठलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसे बघताहेत. तिकिटाचा दिवस अजून अर्धाही संपलेला नाही. पण सिंड्रेलाच्या किल्ल्यामागचं आभाळ दौत सांडल्यासारखं काळंनिळं झालंय, आणि आईने अर्ध्या तासापूर्वीच जाहीर केलंय, "मला आता कुठेतरी आडवं व्हायचंय. तुमच्या त्या उंदराला मी पुन्हा भेटीन, पण जरा पडल्यानंतर."

आई ७४ वर्षांची आहे. अंगात पंजाबी ड्रेस, पायांत वहिनीने न्यू जर्सीहून घेतलेले पांढरे बूट, डोक्यावर दादाची टोपी. सकाळी सगळ्यांत आधी तयार होऊन तीच बसली होती. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी पार्कात सोडतात, हे कळल्यापासून तिला या सगळ्या प्रकरणाची संगती लागलीय. तिचं माहेर अकोल्याकडचं. "म्हणजे शेगावसारखंच की रे," ती म्हणाली होती, "भक्तनिवासात उतरलं की काकडआरतीला चालत जाता येतं. बाहेर उतरलेले येतात धावतपळत." तेव्हापासून आमच्यात त्या अर्ध्या तासाचं नाव 'काकडा' पडलंय. भाचाही रात्री झोपताना विचारतो, "बाबा, उद्या काकडा कितीचा?"

फ्लोरिडातला जूनचा पाऊस वेळ पाळतो. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला मेक्सिकोचं आखात. दोन्हीकडून निघालेले खारे वारे दुपारी या द्वीपकल्पाच्या मध्यावर एकमेकांवर आदळतात आणि वळीव सुरू होतो. पहिला गडगडाट होतो आणि आमच्या पुढे चालणारी एक बाई पिशवीतून पारदर्शक रेनकोट काढून अशा सराईतपणे चढवते, की ती इथे पहिल्यांदा आलेली नाही हे कुणालाही कळावं.

आमची खोली आहे पॉप सेंच्युरीत, आणि तिकडे जायला बस. बसकडचा रस्ता उघड्यावरून. दादा वर बघतो, आईकडे बघतो आणि फलाटाकडे वळतो. "मोनोरेलने हॉटेलांची एक चक्कर मारू. गाडी फुकट आहे आणि हॉटेलं नुसती बघायला पैसे पडत नाहीत."

"आडवं व्हायला पडतात का?" आई विचारते.

गाडी येते. दारं बंद होण्याआधी आधी इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये सूचना होते, की दारापासून दूर उभे राहा. ते स्पॅनिश वाक्य तीन दिवसांत आईला अर्धंमुर्धं पाठ झालंय. ती आवाजाबरोबर पुटपुटते, "पोर फावोर... अलेहादोस." बाकीचं ओठातल्या ओठात. अर्थ भाच्याने सांगितलाय, पण तिला तो शब्दच आवडलाय.

गाडीत बसल्याबसल्या सकाळपासून अर्धवट राहिलेला वाद पुन्हा सुरू होतो. उतरायला सगळ्यांत चांगलं हॉटेल कोणतं? या प्रश्नावर आमच्यात मतं आहेत सात. आमच्याबरोबर ह्यूस्टनवाले आहेत, म्हणजे दादाचा कॉलेजातला मित्र, त्याची बायको आणि मुलगा. अमेरिकेतल्या मराठी माणसाला आडनाव असतंच, पण ओळख गावाने होते. ह्यूस्टनवाले उतरलेत अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये. दोन्ही हॉटेलं डिस्नेचीच, पण त्यांच्या एका रात्रीत आमच्या दोन निघतात. हे कुणी बोलत नाही, पण प्रत्येक वाक्याच्या खाली ते असतं.

दादाला हा विषय निघाला की आधी १९५५ सालात जाऊन यावं लागतं. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेंकडे बागेपुरतीच जमीन होती. बघता बघता भोवती दुसऱ्यांची मोटेलं उगवली. खुद्द डिस्नेलँड हॉटेल नावाचं हॉटेलसुद्धा डिस्नेंचं नव्हतं, जॅक रॅदर नावाच्या उद्योजकाचं होतं. कंपनीच्या हातात ते आलं १९८८ला. "खेळ यांचा, कमाई शेजाऱ्याची," दादा म्हणतो. म्हणून फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप सुमारे २७,००० एकर दलदल घेऊन टाकली. वॉल्ट डिस्ने १९६६च्या डिसेंबरात गेले. १ ऑक्टोबर १९७१ला पार्क उघडलं ते दोन हॉटेलांसकटच.

"देऊळ आणि धर्मशाळा एकाच ट्रस्टची," ह्यूस्टनवाले म्हणतात.

"आणि प्रसादाचं दुकानपण," वहिनी म्हणते. तिच्या मांडीवर सकाळच्या खरेदीची पिशवी आहे.

काचेवर पहिले थेंब आपटतात आणि त्याच वेळी समोर कंटेम्पररी येतं. मधोमध उभी चिरलेल्या तंबूसारखी उंच, तिरप्या अंगाची काँक्रीटची इमारत. गाडी वळत नाही, थांबत नाही, सरळ तिच्या पोटात शिरते. क्षणापूर्वी पाऊस होता, आता खाली टेबलं आहेत, माणसं जेवताहेत, कुणाचं तरी बाळ गाडीकडे बोट दाखवतंय. भाच्याने हे चार वेळा पाहिलंय, तरी तो उठून उभा राहतो. मीही उभी राहते. माझं वय ४६ आहे.

"उतरू या," आई म्हणते. तिला वाटतं, एवढ्या मोठ्या घरात एखादी बाजेची जागा असेलच.

चौथ्या मजल्यावरचं हे प्रचंड दालन आहे. मध्यभागी लिफ्टच्या खांबाला गुंडाळलेलं सुमारे ९० फूट उंचीचं चित्र आहे, १८,००० च्या आसपास फरशांचं. मेरी ब्लेअरचं काम. सकाळी ज्या होडीत बसून आम्ही जगभरच्या बाहुल्या बघितल्या, तिथलं रूपही तिचंच. चित्रात वाळवंट, मुलं, पक्षी, गुरं. भाचा आणि ह्यूस्टनवाल्यांचा मुलगा माना उंच करून एक बोकड शोधताहेत, आणि तो सापडल्यावर दोघंही ओरडतात, "फाइव्ह लेग्ज!" खरंच पाच पाय आहेत. हा पाचवा पाय मुद्दाम काढलाय, काहीतरी उणं राहावं म्हणून, असं सांगतात.

आई चष्मा वर करून बघते. "बरोबर आहे. दृष्ट लागू नये म्हणून. तीट आहे ती."

मला वाटतं, या चित्राबद्दल इंग्रजीत जे काही लिहिलं गेलंय त्यात एवढं नेमकं काही नसेल.

ह्यूस्टनवाले इथे रंगात येतात. त्यांना मुळात इथेच उतरायचं होतं. बायकोने जिराफ निवडले. ते सांगू लागतात की ही इमारत बांधली त्याची तऱ्हाच वेगळी. लोखंडी सांगाडा आधी उभा केला. खोल्या दुसरीकडे, जवळच, न्हाणीघरासकट तयार केल्या. मग क्रेनने एकेक उचलून सांगाड्यात सरकवल्या, कपाटात खण सरकवावेत तशा. यूएस स्टील कंपनीचं काम.

"म्हणजे पुन्हा ओढून बाहेर काढता येतात?" भाची विचारते. ती १४ वर्षांची आहे आणि दिवसभरात हा तिचा पहिला प्रश्न.

"नाही, ती नुसती दंतकथा. एकदा बसला तो बसला."

"आमच्या देवघरातला खण असाच आहे," आई म्हणते.

१७ नोव्हेंबर १९७३ला वॉटरगेटच्या धुरळ्यात अध्यक्ष निक्सन यांनी 'मी लबाड नाही' असं संपादकांपुढे सांगितलं तेही याच हॉटेलात, अशी पुरवणी दादा जोडतो.

"मग होता का?"

"पुढच्या ऑगस्टात राजीनामा दिला."

"हं."

पण ह्यूस्टनवाल्यांचा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि मला तो मनातून पटतोय. कंटेम्पररीतून मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत पायी दहा मिनिटं लागतात. बस नको, गाडी नको, होडी नको. "दुपारी पोरगं पेंगायला लागलं की उचलायचं, आणून खोलीत टाकायचं. चारला पुन्हा हजर." हे बोलताना ते बायकोकडे बघत नाहीत. ती बोकडाकडे बघतेय.

इथे बसायला खुर्च्या आहेत, पण दर काही मिनिटांनी डोक्यावरून गाडी जाते. आईच्या पापण्या जड झाल्यात. पुढच्या गाडीत चढतो. तळ्यावर आता पाऊस असा पडतोय की पलीकडचा काठ दिसत नाही. हे तळंही खणलेलं. निघालेली माती भरून मॅजिक किंगडमची जमीन उंच केली आणि तिच्याखाली कर्मचाऱ्यांचे बोगदे राहिले. सकाळी आपण ज्यावर चाललो तो एक मजला होता, हे ऐकून आई बुटांकडे बघते.

पॉलिनेशियन येतं आणि जातं. आम्ही उतरत नाही, पण दार उघडतं त्या अर्ध्या मिनिटात ओल्या पानांचा वास आत येतो. या हॉटेलाचे भक्त फार. गंमत म्हणजे ते खोलीबद्दल क्वचितच बोलतात. वाळूच्या काठावरून रात्री दिसणारी आतषबाजी, अननसाचं आइस्क्रीम, आणि केळं भरून तळलेल्या, वर दालचिनीची साखर घोळवलेल्या पावाचा नाश्ता. वहिनीने दोन वर्षांपूर्वी तो खाल्लाय. "केळ्याचं ब्रेडपॅटिस," ती म्हणते, "आणि जीव जाईल इतकं छान." जॉन लेननने बीटल्सची भागीदारी मोडल्याच्या कागदांवर सही केली तीही याच हॉटेलात उतरलेला असताना, २९ डिसेंबर १९७४ला. सुट्टीवर आलेल्या माणसाला कागद गाठतातच.

ग्रँड फ्लोरिडियनला मात्र आम्ही उतरतो. कारण आईने बाहेर बघून म्हटलंय, "अगं, हे तर महाबळेश्वर!"

आहेच तसं. पांढऱ्या लाकडी भिंती, लाल छपरं, लांबच लांब पडव्या, नक्षीचे कठडे. १९८८ला उघडलेलं हे हॉटेल शंभर वर्षांपूर्वीच्या फ्लोरिडातल्या बड्या लोकांच्या हिवाळी निवासांसारखं घडवलंय. डोळ्यांपुढे कॅलिफोर्नियातलं जुनं हॉटेल देल कोरोनादोही होतं. मुळात या जागी थाई धर्तीचं एक 'एशियन' हॉटेल व्हायचं होतं. ते १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईत कागदावरच राहिलं. आशिया नाही झाला, पण आईला महाबळेश्वर मिळालं.

आत पाच मजले उंच लॉबी. वर झुंबरं. एका बाजूला मोठा पियानो आणि सुटाबुटातला वादक. आमच्या बुटांतून पाणी निथळतंय. भाच्याच्या हातात मिकीच्या कानांचं ओलं आइस्क्रीमपाकीट आहे. वहिनी कुजबुजते, "आपण इथले नाही हे लांबून कळतंय." मी म्हणते, झुंबराखाली सगळेच ओले. आणि खरंच, आजूबाजूला पोंचो घातलेली निदान चाळीस माणसं आहेत, आमच्यासारखी आडोशाला आलेली.

आई एका गुबगुबीत सोफ्याच्या कोपऱ्यात बसते. पर्स मांडीवर. टोपी पर्सवर. "दोन मिनिटं टेकते," ती म्हणते, डोकं मागे जातं, आणि तोंड किंचित उघडतं. सव्वादोनला वामकुक्षी सुरू.

आम्ही आठ जण तिच्याभोवती कोंडाळं करतो. कुणीतरी येऊन हटकेल म्हणून दादा आडोसा धरून उभा राहतो. आणि मग वाद पुढे चालू होतो, पण दबक्या आवाजात. नेहमी इतरांचं वाक्य तोडणारे ह्यूस्टनवालेसुद्धा आता प्रत्येकाला पूर्ण बोलू देताहेत.

ह्यूस्टनवाली सांगते. सकाळी साडेसहाला तिने बाल्कनीचं दार उघडलं तेव्हा खाली गवतात जिराफ उभा होता. शेजारी झेब्रा. ती चहा न पिता पाऊण तास उभी राहिली. "इकडे तुम्ही राइडच्या रांगेत उभ्या राहता, तिकडे मी रांग न लावता सफारी बघत होते." पार्क लांब पडतं हे तिला मान्य आहे. मॅजिक किंगडमला तर बसने बराच वेळ जातो. "पण मला पार्कात जायचंच कशाला आहे?" या वाक्यावर तिचा नवरा झुंबराकडे बघतो.

तिची बाजू आम्हाला काल रात्री कळलीय. त्यांच्या हॉटेलात साना नावाचं उपाहारगृह आहे, आणि तिथे आफ्रिकेच्या जोडीला चक्क आपल्याकडचं जेवण. नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, आणि बरोबर नऊ वाट्या. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची, आंब्याची, काकडीची कोशिंबीर, मिरची-लिंबाचं लोणचं. तीन दिवस पिझ्झा आणि फ्राइजवर काढलेल्या आमच्या टेबलावर त्या वाट्या आल्या आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही. खिडकीबाहेर डोळ्यांच्या उंचीवर गवताळ माळ. संधिप्रकाशात एक बैल आला, अंकोले जातीचा. शिंगं अशी की प्रत्येकात एक पोर झोपवावं. आईने घास खाली ठेवला. "पोळ्याला याला बेगड लावायची तर दोन दुकानं रिकामी होतील," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ जेवणाकडे तिचं लक्ष नव्हतं.

त्या लॉजचा वास्तुविशारद पीटर डॉमिनिक. त्याचंच दुसरं हॉटेल वाइल्डरनेस लॉज, इथून तळ्यापलीकडे. यलोस्टोनच्या जुन्या लाकडी धर्मशाळेवर बेतलेलं, लाकडाचे ओंडके आणि उंचच उंच दगडी चूल. फ्लोरिडाच्या उकाड्यात चुलीपुढे बसायला लोक पैसे मोजतात याचं दादाला कोडं आहे. मला नाही. पावसात भिजून आल्यावर मी आत्तासुद्धा त्या चुलीपुढे बसेन.

वहिनीचं स्वप्न वेगळं आहे. बीच क्लब. तिथल्या पोहण्याच्या तळ्याच्या तळाशी वाळू आहे, खरी. आणि एपकॉटचं मागचं दार पाच मिनिटांवर. "संध्याकाळी पार्कात जाऊन फ्रान्समध्ये काहीतरी खायचं, जपानमध्ये फिरायचं, आणि चालत घरी." ती 'घरी' म्हणते. तीन रात्री ज्या खोलीत काढायच्या तिला घर म्हणायची सवय तिलाच आहे. सकाळी हॉटेलातून निघताना ती चादरी नीट करून येते.

भाचीला डिस्नेच नको. तिचं मन पलीकडे युनिव्हर्सलला. तिथल्या तीन महागड्या हॉटेलांत राहिलं की जुन्या दोन पार्कांत रांग टाळणारा एक्स्प्रेस पास खोलीबरोबरच मिळतो, आणि २२ मे २०२५ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्समधल्या हेलिओस हॉटेलातून तर थेट पार्कात शिरायचं स्वतःचं दार आहे. ती एका दमात सांगते. मग पुन्हा फोनमध्ये जाते. खोलीत काय आहे याबद्दल तिने एक अक्षर काढलेलं नाही. चौदाव्या वर्षी खोली म्हणजे चार्जर लावायची जागा.

दादा पॉप सेंच्युरीची वकिली करतो ती आकड्यांनी. या झुंबराखालच्या एका रात्रीच्या पैशांत तिथे तीन रात्री निघतात. टेबल भिंतीवरून खाली ओढलं की दुसरा पलंग होतो. आकाशपाळण्यासारख्या डब्यांतून, स्कायलायनरने, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज गाठता येतात. २०१९च्या सप्टेंबरात तो सुरू झाला आणि साध्या हॉटेलांचा भाव वधारला. वीज चमकली की तो थांबवतात, म्हणजे आत्ता तोही उभाच असणार. पण दादा जे सांगत नाही ते मी सांगते. पॉपच्या आवारात चार मजली उंच खेळणी उभी आहेत. बोलिंगच्या बाटल्या, यो-यो, रुबिकचा क्यूब. आणि एक वॉकमन. काल भाच्याने विचारलं, "आत्या, हे काय मशीन आहे?" मी सहावीत असताना शेजारच्या काकांनी दुबईहून आणलेला वॉकमन मला फक्त एकदा, एका बाजूच्या एका गाण्यापुरता कानाला लावायला मिळाला होता. त्याची ही घराएवढी प्रतिमा बघून मला काय वाटलं ते मला भाच्याला सांगता आलं नाही.

आणि सकाळचं तळं. पॉप आणि शेजारचं आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन यांच्यामध्ये तळं आहे, वर पूल. मुळात पलीकडचा काठही पॉपचाच व्हायचा होता. २००१च्या सप्टेंबरनंतर प्रवासी आटले, काम थांबलं, आणि अर्धवट इमारती वर्षानुवर्षं तशाच उभ्या राहिल्या. शेवटी २०१२ला तिथे दुसरं हॉटेल झालं. या पुलावर रोज सहा वाजता आई फेऱ्या मारते. परवा तिला तिथे एक तेलुगू आजी भेटल्या, काल एक गुजराती. भाषा एकमेकींच्या येत नाहीत. गुडघ्यावर हात ठेवला की पुढचं आपोआप होतं. खोलीत किटली नाही, कॉफीचं यंत्र आहे आणि त्यात केलेल्या चहाला कॉफीचा वास येतो, हे दुःख त्या तिघींनी कोणत्या भाषेत वाटून घेतलं देव जाणे. पण भोजनगृहात गरम पाणी मिळतं हे आईला त्या गुजराती बाईंकडूनच कळलंय.

"आणि तुझं मत?" ह्यूस्टनवाली मला विचारते.

मी आईकडे बघते. तिचा श्वास पियानोच्या तालाशी फटकून चाललाय.

मला २०११ साल आठवतं. तेव्हा आम्ही महामार्गावरच्या एका स्वस्त मोटेलात उतरलो होतो. त्यांची गाडी सकाळी एकदा सोडायची आणि रात्री एकदा न्यायची. भाची दीड-दोन महिन्यांचीही नसताना... नाही, ती तेव्हा पोटात होती. वहिनीला दुपारी चक्कर आली आणि रात्री नऊपर्यंत आम्हाला जायला जागा नव्हती. एका दुकानाच्या मागच्या पायरीवर ती माझ्या ओढणीवर झोपली. पार्क कसं होतं हे मला आठवत नाही. पायरी आठवते.

आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. एस्सेलवर्ल्डला आम्ही बोटीतून जायचो आणि अंधार पडायच्या आत परतायचो. तिथे राहावं हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ला आलं तेव्हाही पुण्याहून सकाळी गाडी काढायची आणि रात्री द्रुतगती मार्गावर पोरं मागच्या सीटवर झोपलेली, असंच. दारातलं नोव्होटेल दोन वर्षांनी आलं. दुपारी तासभर पडून पुन्हा खेळायला यायचं ही चैन आमच्या हिशेबात बसायला वेळ लागला.

"मला दुपारी परत येता येईल असं कुठलंही चालेल," मी म्हणते.

"म्हणजे कंटेम्पररी!" ह्यूस्टनवाल्यांचा आवाज चढतो. सात जण एकदम "श्श!" करतात.

तेवढ्यात जिची भीती होती ती येते. हॉटेलच्या गणवेशातली एक तरुण मुलगी. इथे प्रत्येकाच्या नावाच्या पट्टीवर नावाखाली गावही लिहिलेलं असतं. हिच्या पट्टीवर पोर्तो रिकोतलं एक गाव आहे. ती वाकून आईकडे बघते आणि विचारते, बऱ्या आहेत ना? दादा घाईघाईने सांगतो, नुसत्या झोपल्यात, आम्ही निघतोच. ती मान हलवते, तोंडावर बोट ठेवते आणि म्हणते, झोपू दे. तिच्या आजीचंही दुपारी असंच असतं, म्हणे. मग जाते आणि पाण्याचे दोन पेले आणून शेजारच्या टेबलावर आवाज न करता ठेवते.

वादाला आता जोर राहत नाही. दोन्ही मुलं गालिच्यावर फतकल मारून बसलीत. वादक पियानोवर काहीतरी संथ लावतो. वहिनी बूट काढते. थोड्या वेळाने ह्यूस्टनवालेसुद्धा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकतात, आणि मग तेही गप्प होतात, आणि मग त्यांचीही मान मागे जाते. त्यांची बायको माझ्याकडे बघून हसते. "यांना म्हणे चालत जाण्याएवढं जवळ हवं."

तीन वाजून पाच मिनिटांनी आई डोळे उघडते. आधी झुंबर बघते. मग आम्हाला. पर्स चाचपते, टोपी चाचपते.

"आपली खोली कितव्या मजल्यावर आहे?"

"आई, आपण इथे राहत नाही," दादा सांगतो.

"अस्सं." ती केस सारखे करते. "झोप मात्र छान लागली. इथे चहा मिळतो का?"

दादा उत्तर द्यायच्या आत वहिनीने पिशवीतून थर्मास काढलेला असतो. सकाळी पॉपच्या भोजनगृहातल्या गरम पाण्यावर केलेला, आल्याची पूड घातलेला. आम्ही तो बाहेर पडवीत नेतो. पाऊस ओसरलाय. विटांच्या वाटेवरून वाफ निघतेय, तळ्यापलीकडे किल्ल्याचा शेंडा पुन्हा दिसायला लागलाय. कागदी पेल्यांतून नऊ जणांना दोन-दोन घोट. इथून मॅजिक किंगडमपर्यंत तळ्याकाठाने पायवाट आहे, असं फलकावर लिहिलंय. मुलं पायवाटेकडे बघतात, आई गाडीकडे. गाडी ठरते.

जिना चढताना ती पोर्तो रिकोची मुलगी पुन्हा दिसते, ओल्या फरशीवर पिवळी पाटी ठेवताना. आई थांबते. आभार मानायचे आहेत, पण इंग्रजी शब्द ऐनवेळी सापडत नाही. मग तिला सापडतो तो शब्द ती दोन्ही हात जोडून, अगदी मनापासून म्हणते, "पोर फावोर, अलेहादोस!"

मुलगी क्षणभर गोंधळते आणि मग इतकी हसते की पाटी हातातून निसटते.

"आजी," भाचा तिची ओढणी ओढतो, "तू तिला लांब हो म्हणालीस."

"मग काय झालं? हसली ना ती." वरून गाडी लागल्याचा आवाज येतो. "चल, पळ. नाहीतर तेच ते आपल्याला म्हणतील."